तक्त्यातले ‘निरंक’ आणि सभागृहातला प्रश्न

दिनांक २८ जुलै २०२१ रोजी राज्यसभेत सरकार पक्षाकडून एक उत्तर आले. हाताने मैला साफ करण्याच्या कामात गेल्या पाच वर्षांत देशात किती माणसे मरण पावली, असा प्रश्न मल्लिकार्जुन खर्गे व एल. हनुमंतय्या या दोन सदस्यांनी विचारला होता. सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री रामदास आठवले यांनी उत्तर दिले की, अशा कामामुळे मृत्यू झाल्याची एकही नोंद आलेली नाही.

आता दुसरे उत्तर पाहा. त्याच वर्षी, त्याच खात्याने, फेब्रुवारी महिन्यात लोकसभेत सांगितले होते की, ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टाक्या साफ करताना देशात ३४० माणसे मरण पावली. मृत्यू झालेल्या राज्यांच्या यादीत आपला महाराष्ट्रही होता.

फेब्रुवारीत ३४० आणि जुलैत शून्य! मग सहा महिन्यांत ही ३४० माणसे गेली कुठे? त्यांच्या विधवा, त्यांची पोरकी मुले, त्यांच्या वस्त्यांत झालेल्या शोकसभा यांचे काय झाले? हे उत्तर वर्तमानपत्रांत छापून आले तेव्हा सफाई कामगारांच्या संघटनांनी संताप व्यक्त केला आणि तो रास्तच होता. परंतु संताप ओसरल्यावर शांत डोक्याने विचार केला पाहिजे, की एकाच खात्याची दोन उत्तरे अशी वेगळी कशी येतात. कारण त्याचे उत्तर सापडले, तर आमदार-खासदारांनी प्रश्न कसा विचारावा, मंत्र्यांचे उत्तर कसे वाचावे आणि आपण वस्तीतल्या माणसांनी त्यात काय करावे, हे सारे आपोआप कळते. या लेखात आम्ही तेच सांगू इच्छितो.

दोन शब्द, दोन रकाने

‘हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३’ हा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी अमलात आला. त्यापूर्वी १९९३ चा कायदा होता, पण त्याचा मुख्य रोख कोरड्या संडासांवर होता. नव्या कायद्याने व्याप्ती वाढवली. मात्र त्यात दोन वेगवेगळ्या व्याख्या आहेत. एक, ‘हाताने मैला साफ करणारा’. अस्वच्छ संडास, उघडी गटारे, मैल्याचे खड्डे, रेल्वेचे रूळ अशा ठिकाणचा मैला ज्याला हाताने उचलावा लागतो, तो माणूस. दुसरी, ‘धोकादायक सफाई’. म्हणजे पुरेशी संरक्षक साधने न देता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे. कायद्याच्या कलम ७ प्रमाणे हेही बंद आहे. कोणी उतरवले तर पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पण कागदावर हा रकाना वेगळा.

माणूस मरतो तो बहुतेक वेळा मॅनहोलमध्ये किंवा टाकीत, विषारी वायूने गुदमरून. त्याची नोंद दुसऱ्या रकान्यात जाते. प्रश्न विचारला होता पहिल्या रकान्याच्या शब्दांत. सरकारने पहिला रकाना पाहिला, तो मोकळा होता, आणि उत्तर दिले, ‘नोंद नाही’. शब्दाच्या दृष्टीने उत्तर कायद्याला धरून होते. माणुसकीच्या दृष्टीने ते ३४० घरांच्या तोंडावर मारलेले दार होते.

मंत्र्याचे उत्तर कुठे तयार होते?

मंत्री सभागृहात उभे राहून उत्तर देतात, तेव्हा आपल्याला वाटते की हे त्यांचे उत्तर आहे. वस्तुस्थिती अशी की, ते उत्तर अनेक टेबलांवरून फिरत आलेले असते. आम्ही स्वतः कारकुनी करणारे आहोत. विधिमंडळाचा प्रश्न आला की कार्यालयात कशी धावपळ उडते, हे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वरून ‘अत्यंत तातडीचे’ असा शेरा मारलेला कागद येतो. सोबत एक तक्ता असतो. मंत्रालयाकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून तालुक्याकडे किंवा नगरपालिकेकडे तो जातो. ‘आजच माहिती पाठवावी’ अशी तंबी असते. टेबलावरचा माणूस रकान्याचे शीर्षक वाचतो, दप्तर पाहतो आणि त्या शीर्षकाखाली नोंद नसेल तर लिहितो, ‘निरंक’.

हा ‘निरंक’ शब्द फार सोयीचा आहे. तो खोटा नसतो आणि खराही नसतो. तालुक्याचा निरंक जिल्ह्यात जातो, जिल्ह्याचा निरंक राज्यात, राज्याचा दिल्लीत. सगळ्या निरंकांची बेरीज निरंकच. शेवटी तो छापील उत्तरात येतो, ‘असे एकही प्रकरण निदर्शनास आलेले नाही’. ज्या मजुराचा मृत्यू पोलीस ठाण्यात ‘अपघाती मृत्यू’ म्हणून नोंदला गेला, ठेकेदाराच्या हजेरीपटावर ज्याचे नावच नव्हते, ज्याच्या घरच्यांना दहा-वीस हजार देऊन गप्प बसवले गेले, तो माणूस या बेरजेत कुठेच येत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की, मंत्र्याचे उत्तर सभागृहात सुरू होत नाही. ते आपल्या गल्लीत सुरू होते. गल्लीत नोंद झाली नाही, तर दिल्लीत निरंक होणारच.

बाबासाहेबांची रीत

सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला एकदम मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील सभासदांना प्रथम प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण उत्तर ऐकून पुढे उपप्रश्न विचारण्याची सोय नव्हती. १९०९ साली ज्याने मूळ प्रश्न विचारला त्याला उपप्रश्नाचा हक्क मिळाला आणि १९१९ च्या सुधारणांनी तो सर्व सभासदांना मिळाला. याच कौन्सिलात आपल्या समाजाचे भवितव्य बदलणाऱ्या काही गोष्टी घडल्या.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला, की सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालविल्या जाणाऱ्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टकचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. सरकारने आदेश काढले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण तळे कागदावर खुले झाले, पाण्यापर्यंत कोणाला जाता येईना. तेव्हा बोल्यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये पुन्हा ठराव आणला, की ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे हा ठराव अमलात आणत नाहीत त्यांचे अनुदान बंद करावे. एकदा विचारून ते थांबले नाहीत, अंमलबजावणी का नाही म्हणून पुन्हा विचारले. ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बाबासाहेब १९२७ च्या फेब्रुवारीत त्याच कौन्सिलचे नियुक्त सभासद झाले. दिनांक १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. ते भाषण प्रत्येक आमदाराने वाचावे असे आहे, कारण त्यात आरडाओरड नाही. आहेत ते आकडे. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते आणि दारूच्या अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी दाखवून दिले. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हे सांगितले. शिक्षणाची गती हीच राहिली तर शाळेच्या वयाच्या सर्व मुलांना शाळेत आणण्यास चाळीस वर्षे आणि मुलींना तीनशे वर्षे लागतील, या सरकारी अहवालातील हिशेबाकडे त्यांनी बोट दाखविले. सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले, की सरकारला ‘हे खरे नाही’ म्हणण्याची सोय राहत नाही. बाबासाहेबांची रीत ही होती.

आणि त्या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, ते हजारोंच्या जनसमुदायासह चवदार तळ्यावर गेले. आमच्या मते या आठ दिवसांत बाबासाहेबांच्या साऱ्या राजकारणाचे सार आहे. सभागृहात आकडे घेऊन उभे राहायचे आणि सभागृहाने जे कागदावर दिले ते प्रत्यक्षात घ्यायला माणसांसह चालत जायचे. केवळ सभागृह धरले तर ठराव दप्तरात कुजतो. केवळ रस्ता धरला तर सरकार म्हणते, ‘आमच्याकडे नोंद नाही.’

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी हीच वाट पुढे चालविली. ६ डिसेंबर १९६४ रोजी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्याचे नेतृत्व करणारे दादासाहेब राज्यसभेचे सदस्य होते. सभागृहाचे बाक त्यांना मऊ वाटले नाही.

चिकाटीचे उदाहरण द्यायचे तर महार वतनाचे द्यावे. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. पण मागणी मागे गेली नाही. अखेर कनिष्ठ गावकामगारांची वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली झाला. मधे तीस वर्षे गेली आणि तो दिवस पाहण्यास बाबासाहेब राहिले नव्हते.

उत्तर देणारा आपला असला म्हणून काय?

काही बांधव म्हणतात, मंत्री आपल्या चळवळीतून गेलेला असेल तर त्याला अडचणीत आणणारे प्रश्न कशाला विचारायचे? आम्हांस हे मान्य नाही आणि त्यासाठी बाबासाहेबांचेच उदाहरण पुरेसे आहे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. म्हणजे ते प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाकावरून उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर आले होते. महायुद्धामुळे कोळशाची टंचाई झाली आणि १९४३ साली सरकारने स्त्रियांना कोळशाच्या खाणीत जमिनीखाली काम करण्यास असलेली बंदी उठविली. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी केंद्रीय विधिमंडळात यावर सरकारला धारेवर धरण्यात आले. बाबासाहेब उत्तर द्यायला उभे राहिले. त्यांनी कोळशाची अडचण मांडली, हा निर्णय आणीबाणीपुरता असल्याचे सांगितले आणि त्या खाणीत स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी देण्याचे तत्त्व लागू केल्याचे दाखवून दिले. ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे म्हणून त्यांनी सभागृहाची बोळवण केली नाही.

त्या निर्णयावर टीका करणाऱ्या सदस्यांना कोणी बाबासाहेबांचे शत्रू म्हणणार नाही. बाबासाहेबांना प्रश्न विचारले गेले, त्यांनी त्यांची उत्तरे दिली, तर त्यांच्या नावाने राजकारण करणाऱ्या कोणत्याही पक्षाच्या मंत्र्याला प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही. आपला माणूस मंत्री झाला याचा आनंद आपण जरूर मानावा. पण त्याच्याकडून खऱ्या उत्तराची अपेक्षाही आपणच सर्वांत आधी करावी.

प्रश्नाचे बळ आणि प्रश्नाचा बाजार

प्रश्नाने काय होऊ शकते, याचे गाजलेले उदाहरण १९५७-५८ सालचे आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे शेअर खरेदी केल्याबद्दल लोकसभेत प्रश्न निघाला. पहिले उत्तर गुळमुळीत आले. उपप्रश्न वाढले. सत्ताधारी पक्षाचेच सदस्य असलेल्या फिरोज गांधींनी सरकारला कोंडीत पकडले. न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग मुंबईत बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

त्याच संसदेत डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांना बडतर्फ करावे लागले. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. ज्या हक्कासाठी पिढ्या झगडल्या त्याचा असा बाजार मांडला गेला. ज्याच्याजवळ पैसा आहे तो प्रश्न विकत घेऊ पाहतो. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने प्रश्नासाठी माहिती द्यावी, सह्या द्याव्यात, पाठपुरावा करावा. गरिबाचे भांडवल तेच.

‘हे खरे आहे काय?’

आता प्रश्न म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात समजून घेऊ. ‘तारांकित’ प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. ‘अतारांकित’ प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत वीस तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. सदस्याला निदान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. प्रश्न जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून क्रम लावतात. राज्य विधिमंडळात याखेरीज ‘लक्षवेधी सूचना’ आणि ‘अर्धा तास चर्चा’ ही आयुधे आहेत. मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिले तर ते पाळले की नाही, हे पाहण्यासाठी आश्वासन समिती असते. लोकसभेत ही समिती १९५३ पासून आहे.

आपल्या विधानसभेतील प्रश्नाचा साचा पाहण्यासारखा आहे. ‘अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तराचाही साचा ठरलेला आहे. ‘होय’, ‘नाही’, ‘अंशतः खरे आहे’, ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’.

या साच्यात एक मेख आहे. पहिल्याच पोटप्रश्नाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर आले, की खालच्या सर्व पोटप्रश्नांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणून मोकळे होता येते. म्हणून पहिले वाक्य असे हवे, की ज्याला नाही म्हणताच येऊ नये. तारीख, जागा, मृतांची संख्या, पोलीस ठाण्यातील गुन्ह्याचा क्रमांक. या गोष्टी वाक्यात असल्या, की निरंकाला जागा उरत नाही.

आपल्या विषयापुरतेच पाहा. ‘हाताने मैला साफ करताना किती मृत्यू झाले?’ असे विचारले तर काय उत्तर येते, ते आपण पाहिले. त्याऐवजी असे विचारावे: गटार, मॅनहोल, सेप्टिक टाकी, मलनिस्सारण केंद्र यांत उतरलेल्या किती व्यक्ती गेल्या पाच वर्षांत मरण पावल्या, जिल्हावार, त्यांपैकी किती प्रकरणी २०१३ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदला व किती प्रकरणी केवळ अपघाती मृत्यू, किती ठेकेदारांना शिक्षा झाली, किती वारसांना किती रक्कम व कोणत्या तारखेस मिळाली, किती मुलांच्या शिक्षणाची सोय झाली. मृत्यूची संख्या दिली की भरपाईची संख्या द्यावी लागते. दोन्ही आकडे शेजारी बसले, की त्यांतील तफावतच बोलू लागते.

नेमका प्रश्न काय करतो याचा पुरावाही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यसभेत मनोजकुमार झा यांनी हाताने मैला साफ करणाऱ्यांची जातवार माहिती विचारली. सरकारला सांगावे लागले की, ज्यांच्या जातीची माहिती उपलब्ध आहे अशा ४३,७९७ माणसांपैकी ४२,५९४ अनुसूचित जातींचे आहेत. अनुसूचित जमातींचे ४२१, इतर मागासवर्गीय ४३१ आणि बाकीचे ३५१. म्हणजे शंभरांत सत्त्याण्णव आपले. जात आता कुठे राहिली आहे, असे म्हणणाऱ्यांना दुसरे काही सांगण्याची गरज नाही. सरकारनेच सभागृहाच्या पटलावर ठेवलेला हा आकडा दाखवावा.

कधी कधी ‘माहिती नाही’ हेही मोठे उत्तर असते. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोरोनाचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द करण्यात आला होता, केवळ लेखी उत्तरे चालू होती. टाळेबंदीत पायी गावी निघालेले किती स्थलांतरित मजूर वाटेत मेले, असे विचारले असता केंद्रीय श्रम खात्याने लोकसभेत लेखी सांगितले, की अशी आकडेवारी ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. एका लेखी प्रश्नाने एवढे तरी झाले, की सरकारने माणसे मोजलीच नव्हती, हे सरकारच्याच सहीने कायमचे नोंदले गेले.

कोर्टाने काय सांगितले?

सभागृहात निरंक चालले तरी न्यायालयात ते नेहमी चालत नाही. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी निकाल दिला, की १९९३ पासून गटारात मरण पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम तीस लाख झाली. कायमचे अपंगत्व आल्यास किमान वीस लाख आणि इतर प्रकारच्या अपंगत्वास किमान दहा लाख द्यावेत असेही सांगितले.

खाजगी सोसायटीची टाकी होती, ठेकेदार खाजगी होता, म्हणून सरकारचा संबंध नाही, हा बहाणा नेहमी ऐकू येतो. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथे एका खाजगी इमारतीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन मजूर मरण पावले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये शासनाला प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तिघी बायका कोर्टाची पायरी चढल्या, म्हणून हे झाले. त्या गप्प राहिल्या असत्या तर ते तिघेही तक्त्यात निरंकच झाले असते.

घराघरांतून काय करावे?

हा लेख आमदार-खासदारांपुरता नाही. प्रश्न विचारणारा एक असतो, पण प्रश्नाला लागणारा दारूगोळा पुरविणारी शेकडो माणसे लागतात. आम्ही काही साध्या गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट नोंदीची. वस्तीत किंवा जवळपास अशी दुर्घटना घडली तर त्याच दिवशी एका वहीत लिहून ठेवावे. तारीख, वेळ, जागा, मृताचे नाव व वय, कामाला कोणी बोलाविले, ठेकेदार कोण, साधने दिली होती काय, कोणत्या पोलीस ठाण्यात काय नोंद झाली. प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. त्यात २०१३ च्या कायद्याचे व अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम लावले आहे की नाही, ते पाहावे. शवविच्छेदनाचा अहवाल मागावा. ठेकेदाराने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नये. दुःखाच्या घडीत घरच्यांना हे सुचत नाही. शेजाऱ्यांनी सुचवावे.

दुसरी गोष्ट महिला मंडळांची. आपल्या भगिनींना गल्लीतल्या प्रत्येक घराची माहिती असते. कोणाचा नवरा ठेक्यावर गटारसफाईला जातो, कोणाचा मुलगा शाळा सोडून त्याच कामाला लागला, हे सरकारी सर्वेक्षणापेक्षा त्यांना आधी कळते. त्यांनी यादी करावी. कायद्याप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते. तिच्याकडे ही यादी पोच घेऊन द्यावी. पोचेचा कागद जपून ठेवावा. कार्यालयात तोंडी सांगितलेल्या गोष्टीला किंमत नसते, पोच असलेल्या अर्जाला असते. कारकुनीत आयुष्य गेल्यावर एवढे तरी छातीठोकपणे सांगता येते.

तिसरी गोष्ट सुशिक्षित तरुणांची. संसदेतील प्रश्न व उत्तरे आज संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. आपला खासदार पाच वर्षांत किती वेळा बोलला, कशाबद्दल बोलला, आपल्या प्रश्नावर एकदा तरी उठला काय, हे मोबाईलवर पाहता येते. महिन्यातून एका रविवारी बुद्धवंदनेनंतर विहारात अशी दोन-चार उत्तरे मोठ्याने वाचावीत. उत्तर खरे आहे की नाही, हे वस्तीला विचारावे. उत्तर खोटे किंवा अपुरे असेल तर खरी माहिती लिहून आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीकडे पाठवावी. तो कोणत्या पक्षाचा, हे पाहू नये. राखीव जागेवरून गेला की सर्वसाधारण जागेवरून, हेही पाहू नये. तो आपल्या मतांवर तिथे बसला आहे एवढे पुरे. अधिवेशनाच्या तारखा वर्तमानपत्रांत येतात, त्याच्या निदान महिनाभर आधी पत्र पोहोचावे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मोर्चे पुष्कळ निघतात. मोर्चाबरोबर एक चांगला लिहिलेला प्रश्नही आमदाराच्या हातात द्यावा.

चौथी गोष्ट पाठपुराव्याची. उत्तर आले म्हणजे काम संपले असे नाही. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे उत्तर आले तर पुढच्या अधिवेशनात विचारावे, की संकलित झाली काय? बोल्यांनी १९२३ नंतर १९२६ साली पुन्हा विचारले, तसे. मधल्या काळात माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा.

बंधू-भगिनींनो, घटनेने आपल्याला एक माणूस, एक मत दिले. मत आपण पाच वर्षांतून एकदा देतो. प्रश्न मात्र दरवर्षी, प्रत्येक अधिवेशनात देता येतो. तो आपण देत नाही, म्हणून आपल्या माणसांची मरणे तक्त्यातून गळून पडतात. बाबासाहेब एकटे कौन्सिलात उभे राहिले तेव्हा त्यांच्यामागे शिकलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. आज घराघरांत पदवीधर आहेत, कार्यालयाकार्यालयांत आपली माणसे आहेत. त्यांतले काही त्याच टेबलांवर बसतात, जिथे तक्ता येतो.

त्या आपल्या नोकरदार बांधवांना आमची शेवटची विनंती आहे. उद्या असा तक्ता समोर आला, तर ‘निरंक’ लिहिण्यापूर्वी पोलीस ठाण्याला आणि नगरपालिकेच्या दवाखान्याला एक दूरध्वनी करा. नियमात बसणारीच ही गोष्ट आहे. तुमच्या त्या एका चौकशीने एखादे नाव तक्त्यात येईल आणि कुठल्यातरी घरातल्या मुलांची शाळा सुटणार नाही.

जय भीम!